आत्याचं अपील

ज्या माणसाला आपण कोर्टात खेचलं आहे त्याच्याच घरी अंघोळ करून, त्याच्याच बायकोच्या हातची भाकर खाऊन, त्याच्याच शेजारी जीपमध्ये बसून तुम्ही कधी तारखेला गेला आहात का? नसाल, तर भाऊबंदकीबद्दल आजवर जे वाचलंत ते घटकाभर बाजूला ठेवा. आमच्या घरातला जमिनीचा दावा असाच चालला. वादी माझी निमाआत्या, प्रतिवादी माझे अप्पा, आणि दोघांचा जेवणाचा डबा एक.

आत्याचं सासर धाडला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वावर आमच्या वरवट बकालला, म्हणून दावाही आमच्याच तालुक्याच्या कोर्टात. सकाळी अकराच्या पुकाऱ्याला हजर राहायचं, तर तिला आदल्या दिवशीच निघावं लागे. एस.टी. बदलत बदलत ती दुपारी चारच्या सुमाराला फाट्यावर उतरायची आणि तिला घ्यायला मोटारसायकल घेऊन अप्पाच जायचे. दुसरं कोण जाणार? बहीण माहेरी येते आहे म्हटल्यावर भावानं जायचं, हे ठरलेलंच. ती कशासाठी येते आहे हा वेगळा प्रश्न. मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून आत्या बसलेली, मांडीवर पिशवी, आणि पिशवीत अप्पांविरुद्धचे कागद व त्यांवर ठेवलेल्या धाडच्या बाजारातल्या हिरव्यागार मिरच्या. आई दारातच म्हणायची, "या निमाबाई. या खेपी तारीख लवकर पडली." जणू नागपंचमीच लवकर आली.

त्या मिरच्यांची भाजी व्हायची, उडदाची डाळ घालून. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर. आत्याला चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत स्वतःच्या हातानं करायचं असे, कारण धाडच्या वांग्यांना वरवटची चव नाही असं तिचं ठाम मत होतं. सकाळी मला जाग यायची ती दोन बायकांच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. एकीचा हात जड, एकीचा हलका. आडवं पडूनही मला कळायचं की आता आत्या थापते आहे, आता आई. त्यात मागच्या अंगणात अप्पांचा घसा खाकरणं आणि बादलीचा खडखडाट. आणि चुलीपाशी चाललेलं बोलणं.

"निमाबाई, काय म्हंते तुमचा वकील?"

"म्हंते, आज उलटतपासणीत दादाले घाम फोडतो."

"फोडा बाप्पा. पण त्याईले उपाशीपोटी पित्त होते. दुपारी आधी दोन घास खाऊ घालजा, मंग फोडा."

बाहेरून अप्पांचा आवाज येई, "मी ऐकून राह्यलो बरं!"

"ऐक ना मंग," आत्या म्हणायची, "तुह्यापासून काय लपवाचं आहे? कोर्टात तं सांगूनच राह्यली."

अप्पांचा वकील या प्रकाराला फार कातावला होता. अशिलानं समोरच्या पक्षाबरोबर एका जीपमधून उतरावं, हे त्याच्या धंद्याला शोभणारं नव्हतं. "अहो, निदान कोर्टाच्या आवारात तरी वेगवेगळे बसत चला," असं तो हात जोडून म्हणाला. मग अप्पा आणि आत्या आवारातल्या लिंबाच्या पाराच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. डबा मात्र पारावरून इकडून तिकडे सरकायचा. शाळेला सुट्टी असली की मीही जायची, आणि डबा सरकवण्याचं काम माझ्याकडे असायचं. मला त्यात काही विचित्र वाटत नसे. मला वाटायचं, सगळ्यांचेच दावे असे असतात.

आत्मचरित्र लिहिण्याएवढं माझं वय नाही, असं अप्पा परवाच म्हणाले. त्यांचं खरं आहे. पण ही एवढी चार-पाच वर्षं मी आताच लिहून ठेवणार आहे, कारण आमच्या गावात लोक ही गोष्ट हल्ली फार गोड करून सांगतात. ती गोड आहेच. पण तिच्यात अन्याय होता, आणि तो माझ्या बापानं केला होता.

अप्पा पत्रकं काढायचे. आठ एकर वावर कसून उरलेला सगळा वेळ त्यांचा त्यात जाई. विजेच्या वेळेबद्दल पत्रक, हुंड्याबद्दल पत्रक, अंगात येणाऱ्या बाबांबद्दल पत्रक. संग्रामपूरच्या एका छापखान्यातून गठ्ठा यायचा, आणि वाटून उरलेली पत्रकं घरात सगळीकडे असायची. फळीवर डब्यांखाली, वाळत घातलेल्या सांडग्यांखाली, माझ्या पुस्तकांच्या कव्हरांना. बाराखडीचा तक्ता आमच्याकडे नव्हताच. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो, जागे व्हा' या ओळीवर. तिसरीत असताना मला 'शोषण' हा शब्द लिहिता यायचा आणि बाईंना वाटायचं, पोरगी फारच हुशार आहे. आठवडी बाजारात पत्रकं वाटायचं कामही तेव्हापासून माझ्याकडे. अप्पा माझे देव होते, आणि देव मानू नये हेही त्यांनीच शिकवलेलं.

आजोबा गेले तेव्हा मी लहान होते. त्यांच्या तेरवीच्या दिवशीचं मला एवढंच आठवतं, की घरात माणसांची दाटी होती, पुरणाचा वास होता आणि आत्या पोळ्या लाटत होती. आमच्याकडे अशीच रीत आहे. तेरवीला सगळ्या बहिणी आलेल्याच असतात, पंच जमलेलेच असतात, तेव्हा त्याच दिवशी त्यांच्याकडून हक्कसोडीचा कागद करून घ्यायचा. बापाच्या जमिनीतला वाटा मी भावाला सोडला, असं त्यावर लिहिलेलं असतं. बाप जाऊन तेरा दिवस झालेले, डोळे सुजलेले, हाताला पीठ, आणि पंगत खोळंबलेली. कोण वाचत बसणार? आत्यानं पदराला हात पुसले, सही केली आणि पुन्हा पोळपाटापुढे जाऊन बसली. तो कागद तलाठ्याकडे गेला, फेरफार झाला, सातबाऱ्यावर अप्पांचं एकट्याचं नाव लागलं. बदल्यात दर दिवाळीला साडी-चोळी आणि फराळ. गावात यालाच बहिणीचा मान म्हणतात.

तो फराळच अप्पांना महाग पडला.

त्या वर्षी त्यांनी 'लेकीचा वाटा' नावाचं पत्रक काढलं होतं. एका सभेसाठी घाईघाईनं लिहिलेलं, पण कडक. बापाच्या जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, साडी-चोळी देऊन तो बुडवणारा भाऊ हा भाऊ नव्हे, बहीण मागत नाही म्हणजे तिला नको असतं असं नव्हे. असं बरंच. गठ्ठाभर उरलं. दिवाळीत आत्याला द्यायच्या चिवड्याच्या आणि शेवेच्या पुड्या आईनं हाताला लागेल त्या कागदात बांधल्या, आणि हाताला लागलं तेच पत्रक. धाडला जाऊन आत्यानं पुडी सोडली. चिवडा ताटलीत ओतला. तेलानं पारदर्शक झालेल्या कागदावर भावाचं नाव दिसलं म्हणून कौतुकानं वाचायला घेतला. चिवडा खाऊन संपेपर्यंत तिनं तो दोनदा वाचला होता, असं ती अजून सांगते. मग तिनं शेवेची पुडी सोडली. त्यातही तेच.

पुढच्या बसनं ती आमच्याकडे आली. अप्पा ओसरीवर होते. तिनं तो तेलकट कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"दादा, हे तूच लिहिलं ना?"

"हाव. कसं वाटलं?" अप्पा खूश होऊन म्हणाले.

"लय चांगलं लिहिलं. पटलं मले. मंग माहा वाटा कवा देतं?"

अप्पा हसले. मग त्यांना दिसलं, की ती हसत नव्हती.

त्या दिवशी ते जे बोलले ते मी दारामागून ऐकलं, आणि मला त्याची अजून लाज वाटते. पत्रक समाजासाठी असतं, घरासाठी नसतं. तू तर सही करून दिलेली आहे. उद्या वाटा तुझ्या नावावर केला तर तुझ्या सासरचे तो विकतील, परका माणूस आपल्या धुऱ्यावर, बांधाला बांध लावून, येऊन उभा राहील. शेवटचं कारण मात्र खरं होतं. त्या भीतीनं त्यांची झोप उडाली होती, हे मला पुढे कळलं. पण आत्याचं म्हणणं साधं होतं. "लग्न होईपर्यंत त्या वावरात मी निंदलं, कापूस वेचला, राखण केली. आता तिथं गेली तं लोक म्हंतात, पाहुणी आली. मले पाहुणी म्हणून नाही जाचं, दादा. सातबाऱ्यावर माहं नाव पाह्यजे." अप्पा नाही म्हणाले. तिनं दावा लावला. आणि पहिल्या तारखेला, दुसरीकडे कुठे उतरणार म्हणून, आमच्याकडेच उतरली.

खालच्या कोर्टात अप्पांची उलटतपासणी झाली, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. आत्याच्या वकिलानं तो तेलकट कागद दोन बोटांत धरून पुढे केला. हे तुम्ही लिहिलं? हो. यातलं तुम्हाला खरं वाटतं? हो. मग बहिणीला वाटा का देत नाही? अप्पा म्हणाले, तिनं सोडला आहे. कागद आहे. वकिलानं विचारलं, मग त्या कागदाची रजिस्ट्री का केली नाही? अप्पा जे म्हणाले त्यावर त्यांच्याच वकिलानं कपाळाला हात लावला. म्हणाले, "दुसऱ्या दिवशी जाणारच होतो. पन मले वाटलं, सख्ख्या बहिणीनं सही केल्यावर तिले रजिस्ट्रीले नेऊन आंगठे घेणं म्हंजे तिच्यावर भरोसा नसल्यासारखं आहे. तिले वाईट वाटलं असतं."

मी आत्याकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती. म्हणजे बघा, आपला हक्क बुडवणाऱ्याच्या साक्षीनं ती गहिवरली होती! मला तेव्हा त्या दोघांचाही संताप आला.

निकाल अप्पांच्या बाजूनं लागला. सही मान्य आहे, फेरफार झाला आहे, बाई इतकी वर्षं गप्प होती. दावा फेटाळला. परत येताना जीपमध्ये अप्पा खिडकीबाहेर बघत होते. आत्यानं वाटेत जीप थांबवायला लावली, उतरली आणि पेढे घेऊन आली.

"हे काय वं?" अप्पा म्हणाले.

"भाऊ जितला. पेढे वाटाले बहीण नाही तं कोण? घे."

अप्पांनी पेढा हातात धरला. खाल्ला नाही. "आता तुहं काय?"

"माहं काय? अपील करतो ना. वकिलाले सांगतलं, नक्कल मांगून घेजा."

जीपमधले सगळे हसले, अप्पाही हसले, आणि मग त्यांनी पेढा खाल्ला. घरी आल्यावर आईनं निकाल विचारला तेव्हा आत्याच उत्साहानं म्हणाली, "मी हरली, वहिनी! आता खामगावले जाचं." आईनं पिठाचा डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "म्हंजे आता डबा मोठा लागन."

अपिलात साक्षी होत नाहीत, वकीलच बोलतात, कागदच बोलतात. माझ्या दृष्टीनं ते फार कंटाळवाणं होतं. पण शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी न्यायाधीशांनी खालच्या कोर्टातल्या साक्षीतलं अप्पांचं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. बहिणीला वाईट वाटलं असतं म्हणून रजिस्ट्री केली नाही. वाचून त्यांनी चष्म्यावरून समोर बघितलं, आणि अप्पा शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. त्यांना कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. पुढच्या तारखेला निकाल आला. जमिनीतला हक्क सोडायचा तर नोंदणी केलेला दस्त लागतो, तो इथे नाही. फेरफार हा महसुलाचा कागद आहे, त्यानं कोणी मालक होत नाही की कोणाची मालकी जात नाही. आणि दिवाळीच्या साड्या म्हणजे जमिनीचा मोबदला नव्हे. खालचा निकाल रद्द. अर्धा हिस्सा निर्मलाबाईंचा, म्हणजे आमच्या निमाआत्याचा.

आवारात अप्पांचा वकील त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, हातपाय गाळू नका, नागपूरला हायकोर्टात जाऊ. तिथे आपल्याला स्थगिती मिळू शकते. अप्पांनी विचार केला. खरंच केला, मी त्यांचा चेहरा बघत होते. मग ते म्हणाले, "नागपुरात आपलं कोनी नाही, वकीलसाहेब. निमा तारखेले आली तं उतरन कुठं?"

वकिलाला वाटलं, ही चेष्टा आहे. त्यानं फाईल बंद केली आणि पुन्हा आमच्याशी बोलला नाही.

इथे गोष्ट संपवायला गावातल्या लोकांना आवडतं. भावाचं मन द्रवलं, बहिणीला न्याय मिळाला. माझ्यासाठी ती इथे सुरू होते. आठवड्यानं अप्पांनी नवं पत्रक लिहिलं. मजकूर नीट तपासायला नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिला. मी तेव्हा अकरावीत होते. त्यात लिहिलं होतं, की सुधारणेची सुरुवात घरापासून व्हावी म्हणून आम्ही आमच्या बहिणीला अर्धा वाटा सन्मानानं दिला आहे. त्या दिवशी वाटणीसाठी वावराची मोजणी होती म्हणून आत्याही आलेली, आईबरोबर अंबाडीची भाजी निवडत बसलेली. मी कागद खाली ठेवला.

"अप्पा, हे खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"तुम्ही दिला नाही. तिनं घेतला. तुम्ही तं शेवटपर्यंत नाही म्हणत होते."

"अवं पोट्टे, एकच झालं ना! वाटा तिले भेटला का नाही?"

"एक कसं झालं? हे वाचून लोक म्हणतील, भाऊ देईल तेव्हा घ्यावं. वाट पाहावी. आत्यानं वाट पाह्यली असती तं?"

अप्पांचा आवाज चढला. मी चार बुकं शिकले म्हणून बापाला शिकवते, असं काहीतरी म्हणाले. मी म्हणाले, बुकं नाही, तुमचीच पत्रकं वाचून बोलते आहे. हे पत्रक मी बाजारात वाटणार नाही. आठ वर्षांत मी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. माझा आवाज कापला नाही, याचा मला आजही आनंद आहे. अप्पा चपला घालून वावराकडे निघून गेले. आई घाबरली. आत्यानं भाजीच्या काड्या सुपात टाकल्या आणि म्हणाली, "जाऊ दे वहिनी. पोरगी सोळा आने बापावर गेली. आता त्याले समजन, लोकाईले त्याच्याशी बोलताना कसं वाटते."

दुपारी आम्ही तिघी मोजणीला गेलो तेव्हा अप्पा धुऱ्यावर बसलेले होते. मोजणी झाली, दोन तुकडे पडले. अप्पा म्हणाले, "निमा, तू म्हन, कोनता पाह्यजे." माझी खात्री होती की आत्या आता मोठ्या मनानं बरडाचा तुकडा मागणार, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येणार. आत्यानं दोन्हीकडे एक चक्कर मारली, ढेकूळ हातात घेऊन फोडलं, आणि रस्त्याकडचा काळ्या मातीचा, चांगला तुकडा मागितला. "हा," ती म्हणाली. बस्स. आईचं तोंड उघडंच राहिलं. मला मात्र तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. उपकार म्हणून मिळालेल्या गोष्टीत बाई वाईट तुकडा घेते. हक्काच्या गोष्टीत ती माती फोडून बघते. आज त्या तुकड्यात आत्याची तूर उभी आहे. ठोक्यानं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून, अप्पाच कसतात, आणि एकही ओळ वाकडी गेली तर धाडवरून फोन येतो.

मोजणीनंतर तिसऱ्या दिवशी अप्पांनी पत्रकाचा नवा कागद माझ्यापुढे टाकला आणि तिथून निघून गेले. लिहिलं होतं, की मी सभांमधून एक बोललो आणि कोर्टात दुसरं. माझ्या बहिणीनं अपील करून माझ्याकडून तिचा वाटा घेतला. तिनं तो घेतला हे बरं झालं, कारण मी दिला नसता. खाली त्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मी एक अक्षर बदललं नाही.

ते पत्रक मी बाजारात वाटलं. पुरुषांनी वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला आहे. काहींनी चुरगळून फेकलं. कांदे विकणाऱ्या एका बाईनं मात्र मला थांबवलं, वाचता येत नाही, काय लिहिलं ते सांग म्हणाली. मी तराजूशेजारी उकिडवी बसून तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग कांद्याच्या ढिगावरून हात फिरवत हळूच विचारलं, "परवा माह्या बापाची तेरवी आहे. भाऊ म्हने, सही लागन. नाही केली तं चालते काय?"

मी म्हटलं, "चालते, मावशी."

"हाव?"

"हाव. घरी नेऊन वाचून घेतो म्हणा. एवढंच म्हणा."

तिनं ते दोन-तीनदा पुटपुटून पाठ केलं. पुढे तिनं काय केलं मला माहीत नाही. ती पुन्हा दिसली नाही, किंवा दिसली असेल तर मी ओळखलं नाही.

म्हणून हे प्रकरण वाचणाऱ्याकडे माझं एक मागणं आहे, आणि ते मनापासून आहे. तुमच्या नात्यात, शेजारात, गावात पुढची तेरवी होईल तेव्हा तिथे जा. पंगतीच्या आधी कोणी बहिणीपुढे कागद धरला, तर पुढे होऊन तो हातात घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. भांडू नका, भाषण करू नका. फक्त वाचा. वाचून झाला की तो त्या बाईच्या हातात द्या, आणि तिला सांगा, जेवून घे आणि हा घरी घेऊन जा.